निळ्या डोळ्यांचे कंद

प्रमोदिनी सरोदेला सासरी सगळे 'नन्नाचा पाढा' म्हणत. हे नाव सासूबाईंनी, अलकाताईंनी, ठेवलं. लग्नाला वर्ष होतंय तोवर शशिकांतची बदली दिल्लीला झाली. अलकाताई म्हणाल्या, "परक्या मुलखात तू कशाला नोकरी शोधतेस? घर बघ." प्रमोदिनी म्हणाली, "नाही." पुढे केतकी झाली. "आता तरी सोड." "नाही." "मग पोरीला माझ्याकडे बार्शीला ठेव." "तेही नाही." अलकाताईंनी कपाळावर हात मारला आणि शेजारपाजारच्या बायकांना सांगितलं, सून शिकलेली आहे, कामसू आहे, पण तोंडात एकच शब्द घेऊन जन्माला आली आहे.

तिच्या त्या 'नाही'ला आवाज नसे. भाजीवाल्याला 'आज कोथिंबीर नको' म्हणावं, तितक्या सहज ती म्हणायची. समोरचा मग हसून पुन्हा विचारायचा, तिसऱ्यांदा विचारायचा, आणि मग त्याला कळायचं की आपण भिंतीशी बोलतोय.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातली तिची पदवी. दिल्लीत ती ज्या सरकारी ऑफिसात लागली, तिथे परदेशातून येणारी रोपं, बिया, कंद तपासायचे आणि त्यांच्याबरोबर कीड नाही ना, रोग नाही ना, हे बघूनच आत सोडायचे. लोक विचारत, "काय करता?" ती सांगे, "क्वारंटाइन." कुणाला काही कळायचं नाही. कोविडनंतर तो शब्द सगळ्यांना कळला, पण तेव्हा लोक दोन पावलं मागे सरकू लागले.

गाझियाबादला वैशालीत त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आधी बस, पुढे मेट्रो, डब्यात पोळी-भाजी. पंचवीस वर्षं अशी गेली. पन्नाशी ओलांडली, केस पिकले, आणि एका सप्टेंबरात ती खोकी आली.

खोक्यांत कापडी पिशव्या होत्या आणि पिशव्यांत तीनशेच्या आसपास छोटे कंद, लसणाच्या पाकळीपेक्षा थोडे मोठे. मागवणारा नोएडातला लँडस्केपवाला, संग्राम इंगवले. एका बिल्डरच्या नव्या सोसायटीत तो 'केप गार्डन', म्हणजे दक्षिण आफ्रिकी फुलांची बाग, उभारत होता. कागदावर लिहिलं होतं: मोरिया व्हिलोसा, दक्षिण आफ्रिका, नर्सरीत वाढवलेले.

प्रमोदिनीने हे फूल पुस्तकातच पाहिलं होतं. केप टाउनच्या उत्तरेकडच्या चिकणमातीत ते उगवतं. एकच लांब, केसाळ पान. वर तीन रुंद पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर मोरपिसावर असतो तसा निळा डोळा. तिकडचे लोकही त्याला मोराचंच नाव देतात. त्याच्या दोन उपजाती. एक जांभळट-गुलाबी, गव्हाच्या शेतांनी सगळी जमीन खाल्ल्यावर बांधाबांधाने उरलेली. दुसरी केशरी, तिच्याहून दुर्मीळ, एकाच डोंगररांगेच्या पायथ्याशी सापडणारी, विक्रीच्या नर्सरीत नसलेली. दोघींचा कंद सारखा, पान सारखं. फूल उमलेपर्यंत कोण कुठली हे ओळखायची सोय नाही.

तिने एक कंद हातात घेऊन फिरवला. नर्सरीतला कंद बाजारातल्या कांद्यासारखा असतो, एका वयाचा, एका मापाचा, स्वच्छ. हे तसे नव्हते. काही म्हातारे, जाड जाळीदार सालीचे, काही पोरसवदा. सालीच्या जाळीत वाळलेली माती घट्ट बसलेली. दोन-तीन कंदांवर फावड्याचा वार. आणि एका पिशवीच्या कोपऱ्यात चुरगळलेली सुकी पाकळी. केशरी.

ती नीरज साहेबांच्या केबिनमध्ये गेली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर ठेवणारा, मनाने वाईट नसलेला माणूस.

"सर, हे नर्सरीतले नाहीत. रानातून उपटून आणलेत. आणि मला वाटतं, केशरी उपजात आहे."

"मॅडम, कीड़ा है क्या?"

"नाही."

"बीमारी?"

"अजून दिसली नाही. पण माती आहे."

"धो दीजिए." त्यांनी चष्मा काढला. "देखिए, हमारा काम कीड़ा देखना है. चोरी देखना पुलिस का काम है."

"कागदावर खोटं लिहिलं असेल, तर ते बघणं आपलं काम आहे, सर. नर्सरीतले आहेत असं मी लिहून देणार नाही. फुलं येऊ देत. मग बोलू."

नियम तिच्या बाजूने होता. शंका असेल तर माल ऑफिसच्या जाळीघरात लावून निरीक्षणाखाली ठेवता येतो. साहेबांनी मान हलवली. पाऊस पूर्ण ओसरल्यावर ऑक्टोबरात तिने कंद वाळू मिसळलेल्या मातीत लावले. या झाडाला थंडीत पाणी लागतं आणि उन्हाळ्यात कोरडी झोप, म्हणजे दिल्लीचा हिवाळा त्याला मानवणार होता. नोव्हेंबरात, बाहेर धुराने लोकांचे घसे बसले असताना, कुंड्यांतून हिरवी पाती वर आली. प्रत्येकी एक.

संग्राम इंगवलेचा फोन आला तो मराठीतून. "ताई, तुम्ही बार्शीच्या, मी तासगावचा. एकदा भेटू तरी."

ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये भेटले, कारण तिथे साबुदाण्याची खिचडी बरी मिळते असं तोच म्हणाला. चाळिशीचा, तरतरीत, बोलायला गोड. त्याने गावाकडच्या द्राक्षबागेच्या, दिल्लीत पाय रोवताना खाल्लेल्या टक्क्याटोणप्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्या खऱ्याच असाव्यात. मग म्हणाला, "फेब्रुवारीत उद्घाटन आहे, ताई. बिल्डर माझ्या मानगुटीवर बसलाय. तुमच्या एका सहीवर अडलंय सगळं."

"माल कुठून घेतलात?"

"दुबईचा एक एजंट आहे. तो म्हणाला नर्सरीचा."

"तुम्ही बघितलेत कंद?"

"मी कशाला बघू? मी डिझाइन करतो."

"मी बघितलेत," प्रमोदिनी म्हणाली. तिने आपल्या खिचडीचं बिल वेगळं मागून घेतलं.

तो चिडला नाही. जाता जाता फक्त म्हणाला, "आपली माणसंच आपल्याला अडवतात, हे मात्र बिल्कुल खरं."

हे वाक्य तिला मेट्रोत वैशालीपर्यंत टोचत राहिलं. इतक्या वर्षांत दिल्लीत कुणी मराठी बोललं की तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. आज पहिल्यांदा तिला आपल्या भाषेचा राग आला.

डिसेंबरात केतकी नाचतच घरी आली. ती दिल्लीतच डिझाइन शिकत होती, शेवटचं वर्ष. "आई, इंटर्नशिप मिळाली! नोएडामध्ये, लँडस्केप स्टुडिओ. मी अप्लाय पण नव्हतं केलं, त्यांनीच कॉलेजमधून माझं नाव काढलं. इमॅजिन!"

"स्टुडिओ कुणाचा?"

केतकीने नाव सांगितलं. शशिकांतने वर्तमानपत्र खाली केलं.

प्रमोदिनीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि लेकीला सगळं सांगितलं. कंद, पाकळी, खिचडी, सगळं.

"कंद म्हणजे शकरकंद ना?" केतकीने मध्येच विचारलं.

"रताळं नाही ते. फुलाचा गड्डा. बल्ब."

"ओके. म्हणजे तुझ्या बल्बमुळे मी ही इंटर्नशिप सोडायची?"

"मी सोड म्हणाले नाही. तू सज्ञान आहेस. जायचं तर जा. पण तुझ्या नोकरीने माझी सही मिळेल असं त्यांना वाटत असेल, तर ती मिळणार नाही. एवढं माहीत असू दे, म्हणजे जाशील ते डोळे उघडे ठेवून."

"हे जा म्हणणं आहे? याला जा म्हणणं म्हणतात?" केतकीने दार आपटलं.

रात्रीच्या जेवणाला शशिकांत म्हणाला, "अगं, तीनशे कांदे आहेत ते. कुणाचं काय बिघडणार आहे? पोरीचं मन राख."

"अहो, तुमच्या ऑफिसात कुणी खोटं व्हाउचर आणलं आणि वर केतकीला नोकरी दिली, तर तुम्ही पास कराल?"

शशिकांत अकाउंट्समधला. त्याने ताटातल्या भाताचा डोंगर केला, मोडला, आणि म्हणाला, "मला यात ओढू नकोस." पण दुसऱ्या दिवसापासून त्याने हा विषय काढला नाही, हेही खरं.

केतकी गेली नाही. का गेली नाही हे तिने सांगितलं नाही, आणि महिनाभर आईशी कामापुरतंच बोलली. प्रमोदिनीला ते लागलं. जाळीघरात पाणी घालताना तिच्या मनात यायचं, आपण एका परक्या देशाच्या गवतासाठी पोटच्या पोरीला तोडतोय का? मग ती पुढच्या कुंडीला पाणी घालायची.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली कळी उमलली. प्रमोदिनी नेहमीपेक्षा लवकर पोचली होती. जाळीतून कोवळं ऊन येत होतं. तारेसारख्या देठावर फूल उभं होतं, आणि त्याच्या पाकळ्यांवरचे निळे डोळे तिच्याकडे रोखून बघत होते. फूल इतकं देखणं होतं की क्षणभर तिला त्याचा रंगच दिसला नाही. मग दिसला.

जांभळट.

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं. साहेब स्वतः जाळीघरात आले. मागोमाग संग्रामही आला, हातात काजूकतलीचा डबा. कुणी कळवलं होतं कोण जाणे.

"ताई, केशरी म्हणाला होतात ना?" तो हसला. "हे तर जांभळं."

मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी हसू दाबलं. प्रमोदिनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"हो," ती म्हणाली. "जांभळं आहे. माझा अंदाज चुकला असेल."

"तो फिर मॅडम?" साहेबांनी खिशातून पेन काढलं. "हो गया. साइन कीजिए."

"नाही, सर."

"अब क्या?"

"एक उमललंय. बाकीची मिटलेली आहेत. आणि सगळी जांभळी निघाली तरी 'नर्सरीत वाढवलेले' यावर मी सही करणार नाही. माझा अंदाज चुकेल, सर. सही चुकू देणार नाही."

साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. "आप थकती नहीं हैं?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं होतं.

"थकते ना," प्रमोदिनी म्हणाली. "पण घरी जाऊन."

पुढचा आठवडा फार वाईट गेला. रोज दोन-चार कळ्या उमलत आणि रोज जांभळ्या निघत. चहाच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "आज कौनसा कलर आया?" ती चहा संपवायची, कप धुवायची, आणि जाळीघरात जायची. तिने ठरवून टाकलं होतं की हसणाऱ्यांना हसू द्यायचं. पण आपण मान खाली घालून चाललेलं त्यांना दिसू द्यायचं नाही.

आणि मग एका सोमवारी, सगळ्यात मागच्या रांगेत, खोक्याच्या तळाच्या पिशवीतले कंद जिथे लावले होते तिथे, निखाऱ्यासारखं केशरी फूल उमललेलं होतं. निळा डोळा तसाच, पण केशरीवर तो असा पेटलेला की बघणाऱ्याने दचकावं. शेजारच्या दोन कळ्यांच्या टोकांनाही तोच रंग डोकावत होता. तिने कुणाला हाक मारली नाही. ओल्या विटांच्या कठड्यावर ती बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. बरोबर ठरल्याचा आनंद त्यात फारसा नव्हता. ही झाडं खरंच त्या एका डोंगराच्या पायथ्यावरून कुणीतरी फावड्याने उपसली होती, हे आता नक्की झालं होतं, आणि ते खोटं ठरलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

मग ती उठली आणि साहेबांना घेऊन आली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून फूल पाहिलं. "माल कागज़ से मेल नहीं खाता," ते पुटपुटले.

माल नाकारला गेला. संग्राम आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मला खरंच माहीत नव्हतं, ताई." तिने अर्ध्यावर विश्वास ठेवला. माल परत पाठवण्याची तयारी त्याने दाखवली नाही, हक्क सोडून दिला आणि निघून गेला. त्याच्या केप गार्डनमध्ये पुढे झेंडू लागले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाकारलेला माल परत गेला नाही, तर नियमाप्रमाणे भट्टीत जातो. मार्चच्या मध्याला आदेश आला: जाळा. जाळताना हजर राहायचं आणि सही करायची ती तिनेच.

"नाही, सर."

नीरज साहेबांनी डोकं धरलं. "मॅडम! पहले छोड़ने को ना बोला. अब जलाने को भी ना?"

"सर, कीड लागलेला माल जाळतात. हा चोरीचा माल आहे. चोरीचा माल पकडला तर कुणी जाळतं का? मालकाला परत देतात."

"मालिक कौन है? डोंगर?" हा शब्द त्यांनी तिच्या मराठीमिश्रित हिंदीतूनच उचलला होता.

"डोंगराची काळजी घेणारी माणसं आहेत तिकडे. मी त्यांना कळवलंय. उत्तर आलंय. त्यांना कंद हवेत, मोजून-मापून, जसे आहेत तसे. फक्त दूतावासातून कागद यायला वेळ लागणार आहे."

"आणि तोपर्यंत?" साहेब चक्क मराठीत बोलले.

"तोपर्यंत भट्टीची किल्ली मी घेणार नाही. तुम्ही लेखी आदेश द्या, मी लेखी नाकारते. माझ्यावर कारवाई करा. पण यांना मी पाच महिने पाणी घातलं ते राख करायला नाही."

साहेबांना पेन्शन सुखरूप हवी होती, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यात तिला काही गैरही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. पाठदुखीचं कारण देऊन ते रजेवर गेले. जाळण्याच्या आदेशावर त्यांचीही सही लागत होती. ती आता तीन आठवडे होणार नव्हती.

त्या तीन आठवड्यांत एका रविवारी केतकी म्हणाली, "मला दाखव ना तुझे शकरकंद." प्रमोदिनीने तिला नेलं. बहुतेक फुलं सुकून गेली होती, एक केशरी तेवढं उरलं होतं. केतकी गुडघे टेकून त्याच्यासमोर बसली.

"हे मी ड्रॉ केलं असतं," ती म्हणाली, "तर सर म्हणाले असते, खोटं वाटतं, कलर कमी कर." मग मान न वळवता म्हणाली, "सॉरी वगैरे नाही म्हणणार हं मी."

"नको म्हणूस," प्रमोदिनी म्हणाली. "मीही म्हणणार नाहीये."

दोघी एकदमच हसल्या.

एप्रिलच्या उन्हात पाती वाळली, कंद झोपी गेले. दूतावासाचा कागद आला. तोवर काही कंद कुजले होते. फावड्याचा वार बसलेले तर आधीच गेले होते. उरलेले तिने स्वतः झटकून, कोरडे करून, कापडी पिशव्यांत भरले. केशरी वेगळे, जांभळे वेगळे. पिशव्या विमानाने गेल्या. वर्षभराने तिकडून मेल आला की निम्म्याहून थोडे जास्त उगवले, बाकीच्यांनी मान टाकली. ते कुठल्या उतारावर परत लावले, हे मात्र त्यांनी कळवलं नाही, आणि का कळवलं नाही हे तिला बरोबर समजलं.

पण मेल आला तेव्हा ती दिल्लीत नव्हती. कंद गेल्यावर दोन महिन्यांतच तिची बदली झाली होती, नेपाळच्या सीमेवरच्या एका चौकीवर. पत्र्याचं ऑफिस, डासांचा ढग, दिवसभर ट्रकांची रांग. प्रशासकीय गरज, असं आदेशात म्हटलं होतं. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "मैंने रोकने की कोशिश की. आप चाहें तो अपील कर दीजिए. तबियत का बहाना, कुछ भी."

"तब्येत ठणठणीत आहे, सर. खोटं कशाला लिहू?"

शशिकांत तिला गाडीत बसवायला स्टेशनवर आला. बॅग वर ठेवून तो खिडकीशी उभा राहिला. "आईला फोन केला होता," तो म्हणाला. "सांगितलं तुझ्या बदलीचं. मला वाटलं, म्हणेल की बरं झालं, खोड मोडली."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'त्या चौकीवाल्यांना माझ्याकडून सांग, बाबांनो, सांभाळून राहा.'"

प्रमोदिनी इतकी मोठ्याने हसली की समोरच्या बर्थवरचा म्हातारा जागा झाला.

चौकीवर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आल्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरने कागद पुढे केले. बाकीचे लोक चहा प्यायला निघाले होते. त्यांनी तिलाही बोलावलं. इथे ट्रक कुणी उघडून बघत नाही, असं त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, आणि वर हसून म्हणाले, "मॅडम, नई हैं, सीख जाएँगी."

प्रमोदिनीने साडीचा पदर कमरेला खोचला आणि मागच्या फळकुटावर पाय देऊन ट्रकवर चढली.

"पोतं उघडा," ती म्हणाली.